कॅमेऱ्याचें ओझें आणि त्याची पिशवी

कॅमेरा विकत घेणारा मनुष्य महिनामहिना विचार करतो. चार दुकानें हिंडतो, जाणत्या मित्रांना गांठतो, भिंगांचे आंकडे पाठ करतो, आणि अखेर घरांतील मंडळींची समजूत घालून मोठी रक्कम खर्च करतो. पिशवीचा प्रश्न मात्र पैसे मोजून झाल्यावर, दुकानाच्या पायऱ्या उतरतां उतरतां निघतो. दुकानदार एक काळी, चौकोनी, जाड पिशवी नाममात्र किंमतींत पुढें करतो. ती घेतली जाते आणि विषय संपतो. पुढें सहा महिन्यांनीं तो कॅमेरा कपाटांत पडून राहिलेला दिसतो. कारण विचारलें तर वेळ मिळत नाहीं असें उत्तर येतें. पुष्कळदां खरें कारण निराळें असतें. एका रविवारीं तो खांद्याला अडकवून त्या गृहस्थानें सिंहगड चढलेला असतो, आणि सोमवारीं सकाळीं त्याची मान वळत नसते. त्यानंतर प्रत्येक सहलीच्या वेळीं कॅमेरा घ्यावा कीं घेऊं नये याचा जो क्षणभर विचार होतो, त्यांत बहुधा मानेचेंच म्हणणें मान्य होतें.

ओझ्याचा हा प्रश्न छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानें ओल्या कांचेची रीत प्रसिद्ध केली. तिच्यांत चित्र फार सुरेख येई. पण कांच ओली आहे तोंवरच तिच्यावर प्रकाश पाडून ती तेथल्या तेथें धुवावी लागे. म्हणजे छायाचित्रकार जेथें जाईल तेथें अंधाराचा तंबू, कांचांच्या पेट्या आणि औषधांच्या बाटल्या यांनींहि गेलें पाहिजे. सॅम्युएल बोर्न हा १८६३ च्या जुलैंत सिमल्याहून हिमालयांत निघाला तेव्हां हें सामान वाहण्यास त्याच्याबरोबर सुमारें ३० हमाल होते. १८६६ त तो १८,६०० फुटांवरील मानिरंग खिंडींत कॅमेरा घेऊन पोंचला. त्या चित्रांस बोर्नचें नांव आहे. तीं ज्यांच्या पाठीवरून डोंगर चढलीं त्यांचें नाहीं.

पुढें कोरड्या कांचा आल्या, गुंडाळीची फिल्म आली, आणि हमालांची पलटण गेली. परंतु ओझें गेलें नाहीं, तें धन्याच्या स्वतःच्या खांद्यावर आलें. जर्मनींतील ऑस्कर बार्नाक याला दम्याचा विकार होता. रानावनांतून हिंडून चित्रें घेण्याची त्याला हौस, आणि त्या काळचा कांचेचा कॅमेरा व तिकाटणें घेऊन चढ चढतांना त्याला धाप लागे. त्यानें चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरून हातांत मावेल असा कॅमेरा तयार केला, आणि १९२५ सालीं लाइपझिगच्या मेळाव्यांत तो ‘लायका’ या नांवानें लोकांपुढें आला. आजच्या लहान कॅमेऱ्यांचा वंश त्या दमेकरी माणसापाशीं जाऊन पोंचतो. आपल्याकडे होमाई व्यारावाला यांचें उदाहरण आहे. नवसारीस १९१३ त जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या या बाई भारतांतील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. दिल्लीच्या रस्त्यांवरून साडी नेसून, सायकलीवर, सर्व सामान वागवीत त्या कामास जात. पंतप्रधानांचीं आणि राजेरजवाड्यांचीं जीं चित्रें लोक आज कौतुकानें पाहतात, तीं घेण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं हा एक प्रवास घडलेला असे.

बार्नाकनें हलका केलेला कॅमेरा मधल्या काळांत पुन्हां जड झाला आहे. फुल-फ्रेम जातीचा नुसता कॅमेरा आज पाऊण ते एक किलोपर्यंत भरतो. रोजच्या वापराचें चांगलें झूम भिंग सुमारें ८०० ग्रॅमचें. दूरचें जवळ आणणारें, ७० ते २०० मिलिमीटरचें मोठ्या तोंडाचें भिंग दीड किलोच्या आसपास. फ्लॅश ४०० ग्रॅम. बॅटऱ्या, चार्जर आणि तारा मिळून पाव किलो. त्यांत एक लिटर पाणी घातलें आणि जाड गादीच्या पाठपिशवीचें स्वतःचें दीड ते दोन किलो वजन मिळविलें म्हणजे बेरीज साडेसहा किलोंच्या घरांत जाते. हा शेवटचा आंकडा विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. एकूण ओझ्याचा चौथा हिस्सा रिकाम्या पिशवीचाच असूं शकतो, आणि दुकानांत ती बोटावर उचलून पाहतांना तें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

आतां हें ओझें शरीराला कोठें आणि कसें लागतें तें पाहूं गेल्यास असें दिसतें कीं त्रास केवळ वजनाचा नसतो. एका खांद्यावर पिशवी लटकली कीं शरीर आपोआप दुसऱ्या बाजूस कलतें, आणि त्या दुसऱ्या बाजूचे कण्यालगतचे स्नायू सारखे ताणलेले राहून तोल सांवरतात. शिवाय पट्टा घसरूं नये म्हणून ओझ्याकडचा खांदा नकळत वर उचललेला राहतो. चार तास खांदा असा उचलून धरण्याची शिक्षा कोणी मुद्दाम करून घेणार नाहीं. पण एका बाजूची पिशवी ती गुपचूप करविते. आपल्या जुन्या प्रवाशांना हें ठाऊक होतें. त्यांची पडशी दोन तोंडांची असे. एक भाग खांद्यावरून पुढें व एक मागें टाकला म्हणजे दोन्ही बाजू परस्परांस तोलून धरीत. कावडीचें तत्त्व तेंच. पुढें आलेली शबनम पिशवी दिसावयास मोठी ऐटदार. परंतु तिच्यांत कवितेची वही आणि पेन्सिल एवढेंच असावें, दीड किलोचें भिंग असूं नये.

खांद्याचा पट्टा मऊ असला म्हणजे पिशवी सुखाची, ही समजूत फार पसरलेली आहे. तिच्यांत अर्धें तथ्य आहे. अडीच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्याऐवजीं पांच सेंटिमीटरचा घेतला तर तेंच वजन दुप्पट जागेवर पसरतें आणि खांद्याला बसणारा दाब निम्म्यावर येतो. परंतु फार मऊ गादी वजनाखालीं चेपून पातळ होते आणि थोड्याच दिवसांत तिचा उपयोग संपतो. जरा टणक, खांद्याच्या वळणास बसणारी गादी टिकते. डोक्यावर हंडा घेणारी बाई चुंबळ घेते. तिनें टाळूला रुतत नाहीं हें खरें. पण चुंबळ कितीहि चांगली असली तरी हंड्यांतलें पाणी तिनें कमी होत नाहीं, आणि हंडा डोक्याच्या मध्यावर नसेल तर मान वाचत नाहीं. पट्ट्याचेंहि तसेंच आहे.

वजन खांद्यावरून काढून दुसरीकडे नेतां येईल काय, हा खरा प्रश्न, आणि त्याचें उत्तर अमेरिकेंतील गिर्यारोहकांनीं फार चांगलें दिलें. डिक केल्टी हा १९५० नंतर लवकरच सिएरा नेवाडा पर्वतांत हिंडत असतां, पाठीवरच्या चौकटीचीं खालचीं टोंकें पाटलोणीच्या मागच्या खिशांत अडकविलीं तर खांदे एकाएकीं हलके होतात असें त्याच्या ध्यानांत आलें. ओझें कमी झालेलें नव्हतें. तें खांद्यांवरून उतरून कमरेच्या हाडावर बसलें होतें. त्या युक्तीचा पुढें रुंद कंबरपट्टा झाला. कमरेचें हाड रुंद आहे, तें थेट पायांवर टेकलेलें आहे, आणि त्याच्या खालीं शरीरांतील सर्वांत बळकट स्नायू आहेत. उलट खांदा हा स्नायूंनीं टांगलेला अवयव. हात हालविण्यासाठीं तो घडला, भार सोसण्यासाठीं नव्हे. चांगल्या पाठपिशवीचा बराचसा भार कंबरपट्टा घेतो, आणि खांद्याचे बंद तिला पाठीशीं धरून ठेवण्यापुरतेच उरतात. मात्र कंबरपट्टा म्हणून दोन बोटें रुंदीची जी पातळ फीत पुष्कळ पिशव्यांना शिवलेली असते, तिनें पिशवीचें हेलकावणें थांबतें. भार मुळींच हलत नाहीं.

कंबरपट्टा नेमका कोठें बसतो यावर सगळें अवलंबून आहे. तो पोटावर नको. कमरेच्या दोन बाजूंस हाताला लागणाऱ्या हाडांच्या कडेवर पट्ट्याचा मध्य आला पाहिजे. म्हणून पिशवी माणसाच्या उंचीवरून न निवडतां पाठीच्या लांबीवरून निवडावी. मान खालीं घातली असतां मानेच्या मुळाशीं जें हाड उठून दिसतें तेथपासून, कमरेच्या हाडांवर हात ठेवले असतां मागें आंगठे जेथें समोरासमोर येतात तेथपर्यंत, टेप धरावी. उंच माणसाचे पाय लांब असून पाठ आंखूड असूं शकते. पुष्कळ पिशव्या एकाच मापाच्या निघतात, आणि तें माप सामान्यतः पुरुषी पाठीचें असतें. आंखूड पाठीच्या स्त्रीनें ती घेतली तर कंबरपट्टा मांडीवर उतरतो आणि बंद काखेंत काचतात. अशा वेळीं, जिची पाठ खालीं-वर सरकवितां येते अशीच पिशवी पाहावी. साडीवर कंबरपट्टा बांधतांना निऱ्यांच्या जाडीमुळें तो पुढें घसरतो. सहलीसाठीं सलवार किंवा पाटलोण बरी पडते, पण लग्नसमारंभांत काम करणाऱ्या बाईला हा सल्ला उपयोगी नाहीं. तिनें पाठपिशवीच्या नादीं न लागतां दोन लहान पिशव्यांत भार वांटून घेणें अधिक सुखाचें होईल.

पिशवी अंगावर चढविल्यानंतर बंद आंवळण्याचाहि क्रम आहे, आणि तो बहुतेक लोक उलटा करतात. सर्व बंद आधीं सैल करावे. मग कंबरपट्टा जागेवर बसवून घट्ट करावा. त्यानंतर खांद्याचे बंद पिशवी पाठीस टेकेल इतकेच ओढावे. खांद्याच्या वर तिरकी जाणारी लहान फीत असेल तर तिनें पिशवीचें डोकें मागें झुकलेलें असल्यास पुढें आणावें. छातीवरची फीत सर्वांच्या शेवटीं, आणि ती श्वासास अडथळा होईल इतकी कधींहि नको. प्रथम खांद्याचे बंद ओढले म्हणजे पिशवी वर चढते, कंबरपट्टा पोटावर येतो, आणि मग चांगली पिशवीहि वाईट ठरते.

आंत सामान कसें ठेवलें आहे यानेंहि फरक पडतो. कण्यापासून १० सेंटिमीटरवर असलेलें भिंग २० सेंटिमीटरवर गेलें तर त्याचें वजन तेंच राहून मागें ओढण्याचा जोर मात्र दुप्पट होतो, आणि त्यास तोलण्यासाठीं चालणारा पुढें वांकतो. म्हणून जड भिंग पाठीलगत, पाठीच्या मध्यावर किंवा थोडें वर. हलक्या वस्तू बाहेरच्या कप्प्यांत. पिशवी रुंद व पातळ असावी, फुगीर नको. तिकाटणें बाहेरच्या बाजूस मधोमध लटकविण्याची सोय जाहिरातींत मोठी शोभते, पण सर्वांत जड वस्तू पाठीपासून सर्वांत दूर ठेवण्याचाच तो प्रकार आहे. बाजूस बांधून दुसऱ्या बाजूस पाण्याची बाटली ठेवली तर तोल बराच सांवरतो.

इतकें वाचून कोणी असें समजेल कीं पाठपिशवी हेंच अखेरचें उत्तर. तसें नाहीं. पाठपिशवींतून कॅमेरा काढावयाचा तर ती उतरावी लागते, आणि तेवढ्यांत खंड्या मासा घेऊन उडून जातो. मुंबईच्या लोकलमध्यें सकाळीं नऊ वाजतां पाठीवरची पिशवी मागच्या माणसाच्या छातीवर असते. तीं सुभाषितें ऐकण्यापेक्षां ती पुढें घेणें बरें, आणि तिच्या चेनवर नजर राहते हा दुसरा फायदा. शहरांत हिंडून माणसांचीं चित्रें घेणाऱ्यास एक कॅमेरा आणि एक-दोन लहान भिंगें पुरतात. हा भार दोन-अडीच किलोंच्या आंत राहिला तर खांद्यावरची पिशवीच सोयीची. तिचा पट्टा डोक्यावरून तिरका घालावा, म्हणजे खांदा उचलून धरावा लागत नाहीं. पिशवी कमरेच्या जरा मागें, अंगाला चिकटून राहावी, आणि तासाभरानें बाजू बदलावी. फिलाडेल्फिया येथील एका वृत्तपत्राचा छायाचित्रकार जिम डोम्की हा १९७० नंतरच्या दशकांत पेटीसारख्या टणक बॅगांना कंटाळला आणि त्यानें जाड कॅनव्हासची एक मऊ पिशवी स्वतःसाठीं बेतली. तिच्यांत गादी थोडी, त्यामुळें ती कमरेच्या वळणावर टेकून राही आणि चालतांना आपटत नसे. वृत्तछायाचित्रकारांनीं ती इतकी उचलून धरली कीं पुढें तिचा धंदाच झाला. आजहि दुकानांतील पुष्कळ पिशव्या फोमनें इतक्या फुगलेल्या असतात कीं त्या कॅमेऱ्याची काळजी घेतात आणि माणसाची विसरतात.

भिगवणला नावेंतून रोहित पक्षी टिपणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचें भिंगच हातभर. तें कॅमेऱ्याला जोडलेल्या स्थितींतच आंत जाईल अशी उभी, लांबट पिशवी त्यांना लागते, आणि नावेंत ती पायांशीं राहते, म्हणून तेथें पट्ट्यांपेक्षां तळाच्या जलरोधकपणाकडे पाहावें. रतनगडाच्या लोखंडी शिड्या चढणाऱ्यास मात्र पिशवी खांद्यांहून रुंद असून चालणार नाहीं, आणि तेथें बाजूला लोंबणारी पिशवी नेणें धोक्याचेंच आहे. झोंका जाऊन तोल सुटतो. विमानानें जाणाऱ्यानें देशांतील बहुतेक विमान कंपन्यांची हातांतील सामानाची ७ किलोंची मर्यादा ध्यानांत धरावी. सुट्या लिथियम बॅटऱ्या तर नियमानें जवळच बाळगाव्या लागतात, त्या मोठ्या बॅगेंत टाकून भार हलका करतां येत नाहीं.

पिशवी केवढी घ्यावी याविषयीं दुकानदाराचें मत नेहमीं एकच असतें. पुढें सामान वाढेल, म्हणून मोठी घ्या. हा सल्ला न ऐकणें हिताचें. रिकामा कप्पा माणसाला बघवत नाहीं. त्यांत लागेल-न-लागेल असें एक भिंग, मग एक पुस्तक, मग खाऊचा डबा येतो, आणि ओझें दोन किलोंनीं वाढतें. ज्या दिवशीं जें लागतें तेवढेंच मावेल अशी पिशवी असली म्हणजे घरांतच निवड करावी लागते, आणि ती निवड बहुधा चित्रांनाहि मानवते.

दुकानांत जातांना आपला कॅमेरा आणि भिंगें बरोबर न्यावींत. रिकामी पिशवी आरशासमोर चढवून पाहण्यांत कांहीं अर्थ नाहीं. ती सगळ्यांनाच सुखाची वाटते. सामान भरून, बंद नीट लावून, वीस मिनिटें फिरावें, दोन जिने चढावे, खालीं बसून उठावें, आणि बसल्या जागीं कॅमेरा बाहेर काढून परत आंत ठेवून पाहावा. दुकानदार कपाळाला आठ्या घालील. घालूं द्याव्या. वीस मिनिटांत जो बंद किंचित् टोंचतो तो चार तासांत असह्य होतो. पाठीमागून वारा जाण्यास वाट आहे कीं नाहीं हें एप्रिलच्या उन्हांत कळतें, दुकानाच्या थंड हवेंत कळत नाहीं. तेव्हां जाळीची पाठ आहे कीं नाहीं तें हातानें चाचपावें. चेन एका हातानें उघडते काय, बक्कल अंगठ्यानें सुटतें काय, आंतील कापड फिक्या रंगाचें आहे काय, हेंहि पाहावें. काळ्या अस्तरांत काळें झांकण पडलें कीं तें सांपडत नाहीं. कॅमेऱ्याच्या कंपनीचें मोठें नांव बाहेर छापलेलें असेल तर ती पिशवी दूर ठेवावी. गर्दींत आपल्याजवळ किती किंमतीचा ऐवज आहे हें दवंडी पिटून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

पावसाळ्यासाठीं तळाशीं घडी करून ठेवलेलें आवरण हवेंच. तें पावसापूर्वीं चढवावें. भिजलेल्या पिशवीवर चढविलें तर ओल आंत कोंडते. पाठीकडची बाजू त्यानें झांकली जात नाहीं, म्हणून अंगावरून ओघळलेलें पाणी पाठीच्या गादींतून आंत झिरपतें, आणि आवरणाच्या खालच्या खोळग्यांतहि सांचतें. घाटांत दिवसभर पावसांत राहावयाचें तर भिंगें आंतल्या आंत प्लास्टिकच्या पिशवींत बांधावींत.

मात्र घरीं आल्यावर त्यांतलें कांहींच बांधलेलें राहूं देऊं नये. मुंबईची आणि कोंकणाची पावसाळी हवा भिंगावर बुरशी धरविते, आणि ओला फोम, अंधार व बंद चेन यांसारखी जागा बुरशीला दुसरी मिळत नाहीं. ती एकदां कांचेवर रुजली म्हणजे लेप खाऊन टाकते आणि पुसून जात नाहीं. कॅमेरा व भिंगें बाहेर काढून, कोरड्या फडक्यानें पुसून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यांत ठेवावींत. पिशवींतल्या वेल्क्रोच्या भिंती सोडवून निराळ्या कराव्या, आणि सगळ्या चेन उघडून ती पंख्याखालीं खुर्चीच्या पाठीवर उलटी टांगावी. दुसऱ्या दिवशीं सकाळीं फोम दाबून पाहावा. हाताला गारवा लागला तर ती आणखी एक दिवस तशीच राहूं द्यावी.